काजू कारखान्यातला अपव्यय: आधी थांबलेला माल मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत वडिलांनी उभा केलेला काजू प्रक्रियेचा कारखाना आता तुम्ही सांभाळता. तीसेक माणसं, त्यांत बहुतेक आसपासच्या गावांतल्या बायका. एका सल्लागाराकडून फाइव्ह-एस, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी लावण्याची जपानी पद्धत, करून घेतलं, जमिनीवर पिवळे पट्टे आले, भिंतीवर फलक लागले. तरी पणजी-कळंगुटच्या दुकानदारांना माल उशिराच जातो, फुटलेल्या गराचं, म्हणजे पाकळी-तुकड्याचं, प्रमाण हलत नाही आणि पैसा मालात अडकून पडतो. घरची वडीलधारी माणसं म्हणतात, चार बाया कमी कर. मशीन विकणारा म्हणतो, ऑटोमॅटिक कटिंग घ्या. अपव्यय कमी करण्याची तत्त्वं नेमकी कोणती आणि सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय.

या दोन्ही सल्ल्यांवर माझं मत आधीच देते: सध्या दोन्ही नकोत. का, ते पुढे येईलच. मी उत्पादन विभागात आयुष्य काढलंय, वेर्ण्याच्या औषध पॅकिंगपासून डिचोलीतल्या फळप्रक्रियेपर्यंत. जवळपास प्रत्येक ठिकाणी मालकाची नजर माणसांवर असते. कोण बसलंय, कोण बोलतंय, कोण चहाला गेलंय. माल मात्र कोपऱ्यात आठवडाभर पडलेला असतो आणि त्याच्याकडे कोणी रागाने बघत नाही. तुमच्याकडेही तसंच चाललंय, हे तुमच्याच पत्रातल्या दोन आकड्यांवरून दिसतं. रोज १० पोती बी शिजते, आणि कुकर ते डबा यांच्या मधल्या टप्प्यांवर सुमारे १०० पोत्यांचा माल कोणत्या ना कोणत्या रूपात पडलेला असतो, असं तुम्ही लिहिलंय.

१०० भागिले १० म्हणजे १० दिवस. आज शिजलेली बी डब्यात जायला सरासरी दहा दिवस लागतात. हा हिशेब माझा नाही. जॉन लिटल या गणितज्ञाने १९६१ मध्ये तो सिद्ध केला आणि तो बँकेच्या रांगेपासून बंदरातल्या जहाजांपर्यंत सगळीकडे लागू पडतो. मधला माल भागिले रोजचा वेग, म्हणजे लागणारा वेळ. मधला माल ५० पोत्यांवर आणलात, तर तोच माल पाच दिवसांत बाहेर पडेल, आणि त्यासाठी एकाही बाईला हात जास्त वेगाने चालवावा लागणार नाही. पोतं ८० किलोचं आणि बीचा भाव किलोला १२० रुपये धरला, तर त्या ५० पोत्यांत ४ लाख ८० हजार रुपये मोकळे होतात. मजुरी आणि वीज वेगळी.

आता तत्त्वांकडे येऊ. अपव्यय कमी करण्याची पद्धत म्हणून आज लीन या नावाने जे शिकवलं जातं, त्याचं मूळ टोयोटात आहे. तिथले ताइची ओनो यांनी अपव्ययाचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणं, मालाची ने-आण, नको ती प्रक्रिया, साठा, माणसाची नको ती हालचाल आणि सदोष माल. लीन हे नाव मात्र जपानी नाही. टोयोटाच्या पद्धतीला ते १९८८ मध्ये जॉन क्राफसिक या अमेरिकन अभियंत्याने एका लेखात दिलं. पुढे त्यावर पाच पायऱ्या बसवल्या गेल्या: गिऱ्हाइकाला मोल कशाचं वाटतं ते ठरवा, ते मोल कोणत्या टप्प्यांतून तयार होतं ते पाहा, टप्पे अखंड वाहते करा, मागणी असेल तेवढंच पुढे ओढा, आणि हे करत राहा. ही यादी भिंतीवर लावायला सोपी आहे आणि बहुतेक ठिकाणी ती भिंतीवरच राहते.

सातही प्रकार सारखे नसतात. तुमच्यासारख्या छोट्या शेडमध्ये ने-आण आणि हालचाल यांत फार पैसा जात नाही. ग्रेडिंगचं टेबल खिडकीजवळ उजेडात आणलं, क्रेट कमरेच्या उंचीवर ठेवले, की त्यातला बराचसा भाग संपतो. ओनो सगळ्यांत वाईट मानायचे ते गरजेपेक्षा जास्त उत्पादन, कारण बाकीचे अपव्यय त्याच्या पोटात लपतात. ढीग असला की दोष दिसत नाही. बोरमा, म्हणजे गर वाळवायची भट्टी, बंद पडला तरी सोलणीला माल आहेच, म्हणून दुरुस्ती उद्यावर जाते. एका लॉटमध्ये पाकळी जास्त निघाली तरी ती इतर चार लॉटमध्ये मिसळून जाते.

म्हणून पहिलं काम हे की एका लॉटच्या मागे चाला. दहा पोत्यांचा एक लॉट निवडा, त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा. लॉट जिथे जिथे थांबेल तिथे आल्याची वेळ आणि उचलल्याची वेळ पेनाने लिहायची, बाकी काही नाही. कुकरमध्ये वीस-पंचवीस मिनिटं. मग पसरून रात्रभर थंड व्हायला ठेवणं. हे थांबणं गरजेचं आहे, त्याला हात लावू नका. मग कटिंग. मग गर बोरम्यात, सहा ते आठ तास. मग सोलणी, ग्रेडिंग, पॅकिंग. प्रत्यक्ष काम आणि गरजेचं थंड होणं मिळून दोन-तीन दिवसांच्या वर जाणार नाही. उरलेला सगळा वेळ क्रेटमध्ये, कोणाची तरी पाळी येण्याची वाट बघण्यात जातो. ही चिठ्ठी तुम्ही स्वतः लिहा. सुपरवायझरकडून भरून घेतलीत तर संध्याकाळी एकदम बसून अंदाजाने भरली जाईल.

इथे एक इशारा, कारण लीनची पुस्तकी भाषा बोलणारे इथे हमखास चुकतात. तुमच्या गोदामातली कच्च्या बीची पोती हा अपव्यय नाही. गोव्यातली बी मार्च ते मे या तीन महिन्यांत येते, पाऊस सुरू झाला की संपते, आणि कारखाना वर्षभर चालवायचा असतो. बाहेरची बी आणायची तर पश्चिम आफ्रिकेचा हंगामही साधारण त्याच काळातला. टांझानियाची बी मात्र ऑक्टोबरनंतर येते. हंगामात घेऊन, उन्हात वाळवून, कोरड्या जागी साठवणं हाच या धंद्याचा शहाणपणा आहे. खुद्द टोयोटानेही साठा शून्यावर नेण्याचा हट्ट धरलेला नाही. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन सेइकी या त्यांच्या पुरवठादाराच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ तिथूनच यायचा आणि टोयोटाकडे काही तासांचाच साठा होता. जपानमधले त्यांचे बहुतेक कारखाने थांबले. इतर पुरवठादारांनी मिळेल त्या यंत्रावर तो व्हॉल्व्ह करून दिला म्हणून आठवड्याभरात गाडं रुळावर आलं. पुढे २०११ च्या भूकंपानंतर तर त्यांनी चिपसारख्या अवघड मालाचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांना ठेवायला लावला. साठा कशासाठी आहे हे एका वाक्यात सांगता आलं तर तो ठेवा. कच्च्या बीचं कारण तुम्ही सांगू शकता. बोरमा आणि सोलणी यांच्या मधल्या तीस क्रेटचं कारण विचारलं, तर तुमचा सुपरवायझर काय सांगेल?

पाकळी-तुकड्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचा खरा पैसा तिथे आहे. दहा पोती बी म्हणजे ८०० किलो, त्यातून साधारण १८० किलो गर. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर. तोच गर दुभंगला की पाकळी, आणखी फुटला की तुकडा, आणि प्रत्येक पायरीला भाव उतरतो. अख्खा आणि फुटका यांत किलोमागे २०० रुपयांचा फरक धरा. अख्ख्याचं प्रमाण फक्त पाच टक्क्यांनी सुधारलं तर दिवसाला ९ किलो, म्हणजे १,८०० रुपये. महिन्याला २५ दिवस धरले तर ४५,००० रुपये. हा आकडा चार बायांच्या मजुरीशेजारी ठेवून घरच्यांना दाखवा.

गर फुटतो कुठे? तो दिसतो ग्रेडिंगच्या टेबलावर, पण फुटण्याचं कारण आधीचं असतं. बी नीट शिजली नसेल तर टरफल चिवट राहतं आणि पातं गराला लागतं. आकारवारी नीट नसेल तर मोठ्या बीत लहान बी मिसळते आणि एकाच मापावर लावलेलं पातं दोघींना न्याय देत नाही. बोरम्यात गर जास्त वाळला तर सोलताना चुरतो. कमी वाळला तर तांबडी साल चिकटून राहते आणि बाई सुरीने खरवडते, त्यात गराला ओरखडे पडतात. बोरम्यात एकच उष्णता सगळ्या ट्रेना लागत नाही. खालचा ट्रे वेगळा, वरचा वेगळा, मधल्या वेळी फिरवले नाहीत तर एकाच लॉटमध्ये दोन प्रकारचा गर तयार होतो. सोलणाऱ्या अनुभवी मावशीला विचारा. गर बोटांत धरून अंगठ्याने साल चोळली की ती सांगते, हा खालच्या ट्रेचा. तिला हे रोज कळतं आणि ते विचारणारं कोणी नसतं. म्हणून ओनोंच्या सातांत पुढे लोकांनी आठवा प्रकार जोडला, माणसाच्या वाया जाणाऱ्या अनुभवाचा. माझ्या मते तुमच्याकडे सगळ्यांत मोठा अपव्यय हाच आहे.

आता दहा दिवसांचा ढीग इथे काय करतो ते बघा. आज बोरम्यात काहीतरी बिघडलं. त्याची पाकळी ग्रेडिंगला दिसली आठ दिवसांनी. मधल्या काळात त्याच चुकीने आणखी आठ लॉट निघाले. आणि आठ दिवसांनी कोणालाच आठवत नाही की त्या दिवशी ट्रे कोणी फिरवले, वीज किती वेळ गेली होती, बी कुठल्या गावची होती. ढीग कमी केल्याचा पहिला फायदा पैशाचा, पण मोठा फायदा हा की चूक ताजी असताना हातात येते. ढीग उतरेपर्यंत एक उपाय उद्यापासून करता येईल. प्रत्येक लॉट बोरम्यातून निघाला की वरच्या, मधल्या आणि खालच्या ट्रेमधून मिळून दोन किलो गर काढा, बाकीच्या रांगेच्या पुढे घालून त्याच दिवशी सोला, ग्रेड करा, आणि अख्खा-पाकळी-तुकडा यांचं वजन बोरम्याशेजारच्या फळ्यावर लिहा. ज्याने बोरमा चालवला त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी आपला निकाल दिसला पाहिजे.

यामागचं तत्त्व टोयोटाच्या गाड्यांहूनही जुनं आहे. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेला स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. त्यामुळे एका माणसाला बरेच माग सांभाळता यायचे आणि सदोष कापड विणलंच जायचं नाही. दोष पुढे जाऊ द्यायचा नाही, तिथेच थांबायचं. गाड्यांच्या कारखान्यात त्याचं रूप म्हणजे डोक्यावरची दोरी; कामगाराला काही चुकलेलं दिसलं की तो ती ओढतो.

पण तुमच्याकडे ही दोरी लावली तर कोणी ओढणार नाही, आणि त्याचं कारण मजुरीची पद्धत आहे. कटिंग आणि सोलणी किलोवर आहे असं तुम्ही लिहिलंय. किलोवर मजुरी म्हणजे थांबणाऱ्या बाईचे पैसे बुडतात. पातं बोथट झालंय हे तिला कळतं, पण मेकॅनिकला हाक मारून वीस मिनिटं बसण्यापेक्षा ती तसंच ओढून नेते. टोयोटातल्या कामगाराची मजुरी दोरी ओढल्याने कापली जात नाही, म्हणून ती दोरी चालते. हे न बदलता बाकी सगळं बदललं तरी उपयोग नाही. माझा सल्ला असा: आजवरच्या सरासरी कमाईइतका रोज पक्का करा, त्यावर अख्ख्या गराच्या प्रमाणावर थोडी वाढ द्या, आणि दोष दाखवण्यासाठी काम थांबलं तर तो वेळ भरून द्या. वाढ एकेकटीला देऊ नका, पूर्ण गटाला द्या. नाहीतर चांगल्या आकाराचा क्रेट कोणाच्या वाट्याला येतो यावरून रोज सकाळी भांडण होईल. सुरुवातीचे काही आठवडे किलोचा आकडा खाली येईल. त्या वेळी घरच्यांचा धीर सुटू देऊ नका.

चार बाया कमी करण्याबद्दल. सुधारणेच्या नावाखाली तुम्ही एकीलाही घरी पाठवलंत, तर त्या दिवसापासून कारखान्यातलं एकही माणूस तुम्हाला अपव्यय दाखवणार नाही. कोण आपल्याच पोटावर पाय देईल? कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा कारखाना होता, अचानक होणारे संप आणि खराब गाड्यांसाठी कुप्रसिद्ध. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना, बहुतांश त्याच कामगारांना घेऊन पुन्हा सुरू झाला आणि थोड्याच काळात त्याचा दर्जा जनरल मोटर्सच्या उत्तम कारखान्यांच्या पंक्तीला गेला. माणसं तीच होती, पद्धत बदलली. पुढे गाड्यांची विक्री घटली तेव्हाही तिथे कामगार काढले नाहीत. त्यांना प्रशिक्षणाला आणि दुरुस्तीच्या कामाला लावलं. तुम्हीही सगळ्यांना एकत्र बसवून हा शब्द द्या, आणि देताना वडिलांना शेजारी बसवा. गावातल्या बायकांचा विश्वास अजून त्यांच्यावर आहे, तुमच्यावर बसायला वेळ लागेल. हात मोकळे झाले तर ते वाया जात नाहीत: आकारवारी, ट्रे फिरवणं, दोन किलोची चाचणी, पॅकिंग ही कामं आज माणूस नाही म्हणून राहून जातात.

आता पिवळे पट्टे. सल्लागाराने आखलेल्या पट्ट्यांचा उपयोग आहे, फक्त ते अर्धवट सोडलेत. बोरमा आणि सोलणी यांच्या मधल्या चौकटीत आकडा रंगवा: कमाल १२ क्रेट. चौकट भरली की बोरम्यात नवा माल भरायचा नाही, आणि बोरम्याआधी माल साठू लागला की कटिंग थांबवायचं. कटिंगवाल्या बाया तेवढा वेळ सोलणीला बसतील. पुढचा टप्पा रिकामा झाला की मागचा चालू. ओनोंना ही कल्पना अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून सुचली, गिऱ्हाइकाने उचललं तेवढंच फळीवर परत भरायचं. आपल्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, तेच करतो. कुठल्या वाड्यावर किती पोई आणि किती पाव जातात हे त्याला पाठ असतं, तेवढेच भाजून तो सायकलची टोपली भरतो, आणि संध्याकाळसाठी पुन्हा भट्टी लावतो. आठवड्याचे पाव सोमवारी भाजून ठेवत नाही. चौकटीतला आकडा दर महिन्याला एक-दोन क्रेटने खाली आणा. आणताना कुठेतरी काम अडेल. ते अडलं की समजा, खरा अडथळा सापडला. त्यासाठीच आकडा खाली आणायचा असतो.

काजूत मात्र मागणीप्रमाणे उत्पादन ओढण्याला एक मर्यादा आहे, ती समजून घ्या. गाडीच्या कारखान्यात शेकडो सुटे भाग एकत्र येऊन एक वस्तू होते. इथे उलट आहे, एका पोत्यातून दहा-बारा प्रती निघतात आणि कुठली किती निघेल हे तुमच्या हातात नाही. दुकानदाराला डब्ल्यू-२४० हवा म्हणून फक्त डब्ल्यू-२४० कापता येत नाही. म्हणून ग्रेडिंगपर्यंतचा भाग ठरलेल्या लयीत, रोज सारखाच चालवा. मागणीची ओढ सुरू होते ती ग्रेडिंगनंतर: भाजणं, मीठ, मिरी, मसाला, सालीसकट भाजलेले, पाव किलो, अर्धा किलो. तुम्ही सध्या मिरीचा काजू एकदम दोनशे किलो करून पाकिटं भरून ठेवता, आणि पंधरा दिवसांनी दुकानदार साधा मिठाचा मागतो. पावसाळ्यात त्या पाकिटांचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. नरम पडतात, मग खवट. साधा गर हवाबंद डब्यांत राखीव ठेवा आणि शेवटचं रूप ऑर्डर आल्यावरच द्या. चवथीच्या आधी नेवऱ्यांसाठी तुकडा जातो, डिसेंबरात पर्यटकांसाठी मसाला जातो. हे अंदाज तुम्हाला आहेतच, तेवढ्यापुरती आगाऊ तयारी करा.

छोट्या लॉटला आडवी येते ती भांडं बदलण्याची वेळ. मसाल्यानंतर साधा मीठवाला घ्यायचा तर कोटिंगचं भांडं धुऊन सुकवण्यात दीड तास जातो, म्हणून तुम्ही मोठा लॉट घेता. हे कारण खरं आहे, पण तो दीड तास ही दगडावरची रेघ नाही. शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटात १,००० टनी प्रेसचा साचा बदलण्याचं काम चार तासांवरून आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. युक्ती अशी की यंत्र बंद असतानाच करावं लागणारं काम वेगळं काढायचं आणि बाकी सगळं यंत्र चालू असताना उरकून ठेवायचं. तुमच्याकडे: पुढच्या चवीचा मसाला आधीच तोलून डब्यात, धुण्याचं पाणी आधीच गरम, आणि जमल्यास दुसरं भांडं धुऊन सुकवून तयार. दिवसाचा क्रमही ठरवा, साधा, मग मीठ, मग मिरी, शेवटी मसाला. फिकटाकडून तिखटाकडे गेलं की मधल्या धुलाया नुसत्या पुसण्यावर भागतात आणि मोठी धुलाई दिवसाअखेर एकदाच.

भाजणी-पॅकिंग हा विभाग पूर्ण भरून चालवू नका, हे ऐकायला विचित्र वाटेल. ऑर्डर अनियमित येतात, आणि अनियमित रांगेचा नियम असा की यंत्र ८० टक्के गुंतलेलं असेल तर नव्या कामाला सरासरी चार कामांइतकं थांबावं लागतं. ९० टक्क्यांना नऊ, ९५ टक्क्यांना एकोणीस. दुकानदाराला माल उशिरा जातो त्यामागे निम्मं कारण हे असणार. तिथल्या बाईला दुपारी तासभर काम नसलं तर नसू दे. तिचा तो मोकळा तास म्हणजेच दुसऱ्या दिवशी सकाळी कळंगुटला पोचलेला माल.

उरलेलं निम्मं कारण ऑफिसात आहे. ऑर्डर व्हॉट्सअॅपवर येते, मग वहीत उतरते, मग सुपरवायझरला फोनवर सांगितली जाते, आणि बिल करताना पुन्हा विचारली जाते. एकच चिठ्ठी करा, तीच ऑर्डर, तीच पॅकिंगची सूचना, तीच बिलाचा आधार.

मशीनचं काय? कापायचा वेग वाढवून फायदा तेव्हाच, जेव्हा कटिंग हा अडथळा असेल. तुमच्याकडे क्रेट साठतात बोरम्याच्या आधी आणि सोलणीच्या आधी, म्हणजे कटिंग आजच पुढच्यांपेक्षा वेगवान आहे. ऑटोमॅटिक मशीन घेतलंत तर तो ढीग दुप्पट होईल आणि हप्ते सुरू होतील. शिवाय ही मशीन आकारवारीवर फार अवलंबून असतात. आपल्या सत्तरी-पेडण्याच्या बीत लहान-मोठी सरमिसळ असते, ती नीट न चाळता घातली तर फुटीचं प्रमाण वाढतं. आधी चांगली आकारवारीची चाळणी आणि गराचा ओलावा मोजणारं मीटर घ्या, ती त्या मशीनच्या मानाने फार थोड्या पैशांत येतात. पुढे कधी ऑटोमॅटिक कटिंग घ्यायचं झालंच, तर ते बायांच्या हातांसाठी घ्या. टरफलाच्या तेलाने बोटांची कातडी जळते, हातमोजे घालून काम जमत नाही म्हणून त्या राख आणि तेल चोळून बसतात. त्या कारणासाठी केलेला खर्च मी कधीही योग्यच म्हणेन, पण तोवर बोरमा आणि सोलणी मोकळी झालेली असली पाहिजे.

सल्लागाराचा खर्च पुन्हा करण्याआधी केंद्र सरकारच्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग मंत्रालयाची लीन योजना बघा. १० मार्च २०२३ पासून ती नव्या रूपात सुरू आहे. उद्यम नोंदणी असलेल्या कारखान्याला बेसिक पातळी फुकट आहे, आणि पुढच्या इंटरमिजिएट व अॅडव्हान्स्ड पातळ्यांवर सल्लागाराच्या खर्चातला ९० टक्के वाटा सरकार उचलतं. कारखाना स्त्रीच्या मालकीचा असेल तर आणखी ५ टक्के. सल्लागार आला की त्याला फलक लावू देण्याआधी लॉटची चिठ्ठी दाखवा आणि तिच्यातला सगळ्यांत लांब थांबा कसा कमी करणार ते विचारा.

तुम्ही स्वतः या आठवड्यात फक्त दोन गोष्टी सुरू करा, चिठ्ठी आणि दोन किलोची चाचणी. मजुरीचं आणि चौकटीतल्या आकड्याचं बोलणं पंधरा दिवसांनी, फळ्यावर आकडे दिसायला लागल्यावर करा. तीन-चार लॉटच्या चिठ्ठ्या भरून झाल्या की बोरम्याचे ट्रे किती, एका वेळी किती किलो गर मावतो आणि दिवसाला किती फेऱ्या होतात हे त्यांच्यासोबत लिहून पाठवा. त्यावरून चौकटीत १२ लिहायचे की ८, ते आपण ठरवू.